किरणोत्सर्गाचा अभ्यास करणारे तज्ज्ञ कोणी व कसे निवडावेत?



रुग्णालयाच्या किरणोपचार विभागाने या वर्षी विश्वस्त मंडळापुढे एक प्रस्ताव ठेवला आहे. ज्या रुग्णांचे किरणोपचार पूर्ण झाले आहेत, त्यांची पुढील अनेक वर्षे नियमित तपासणी करावी आणि किरणांचे काही उशिरा दिसणारे परिणाम होतात काय याची पद्धतशीर नोंद ठेवावी, असा तो प्रस्ताव आहे. प्रस्ताव स्तुत्य आहे, याविषयी दुमत नाही. मतभेद झाला तो एकाच मुद्द्यावर : हा अभ्यास करणारे तज्ज्ञ कोण असावेत आणि त्यांना कोणी निवडावे? काही देणगीदारांचे म्हणणे असे की, आपल्याच विभागातील डॉक्टर अनुभवी आहेत, मग बाहेरच्यांची गरज काय? काही रुग्णांच्या नातेवाइकांनी मात्र विचारले की, ज्यांनी उपचार केले तेच त्या उपचारांचे दुष्परिणाम मोजणार काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांचे उत्तर शोधताना जगातील अशा अभ्यासांचा इतिहास आम्ही वाचून काढला. त्याचे सार येथे मांडत आहोत.

आरंभीच एक खुलासा करणे आवश्यक वाटते. पुढे अणुबॉम्बचा व अणुभट्टीच्या अपघाताचा उल्लेख येईल, तो वाचून रुग्णांच्या कुटुंबीयांनी भयभीत होऊ नये. किरणोपचारात ठरावीक मात्रा, ठरावीक अवयवावर, रुग्णाच्या संमतीने व त्याच्याच हितासाठी दिली जाते. बॉम्बच्या किरणांत यांपैकी काहीच नव्हते. तुलना करावयाची आहे ती तज्ज्ञांच्या निवडीची, मात्रेची नव्हे.

निवडीचा प्रश्न इतका नाजूक का?

हाड मोडले तर ते कशाने मोडले हे रुग्णालाही ठाऊक असते. किरणोत्सर्गाचे तसे नाही. किरण दिसत नाहीत, त्यांना वास नाही, स्पर्श नाही. मोठी मात्रा मिळाली तर काही दिवसांत ओकाऱ्या, केस गळणे, रक्तस्राव अशी लक्षणे दिसतात. परंतु कमी मात्रेचा परिणाम काही वर्षांनी, कित्येकदा काही दशकांनी उमटतो. त्या वेळी होणारा कर्करोग इतर कारणांनी होणाऱ्या कर्करोगाहून निराळा दिसत नाही. एका रुग्णाकडे बोट दाखवून 'याला किरणांनीच आजार झाला' असे कोणताही डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकत नाही. हजारो माणसांची वर्षानुवर्षे गणना केली, तरच उत्तर मिळते.

याचा अर्थ असा की, बाधित माणसाला स्वतःच्या अनुभवावरून निष्कर्ष पडताळता येत नाही. त्याला तज्ज्ञांच्या शब्दावर विसंबून राहावे लागते. म्हणूनच तज्ज्ञ किती विद्वान आहे याइतकेच तो कोणाच्या नेमणुकीने आला, कोणाच्या पैशावर काम करतो आणि कोणाला उत्तरदायी आहे, हेही महत्त्वाचे ठरते.

हिरोशिमातील पहिले तज्ज्ञ

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर व ९ ऑगस्ट रोजी नागासाकीवर अणुबॉम्ब टाकण्यात आला. त्या घटकेला तज्ज्ञ निवडण्यास कोणालाही अवसर नव्हता. जे डॉक्टर वाचले तेच तज्ज्ञ झाले. हिरोशिमाच्या रेडक्रॉस रुग्णालयाचे उपप्रमुख डॉ. फुमिओ शिगेतो यांचे क्ष-किरणशास्त्राचे शिक्षण झालेले होते. रुग्णालयाच्या तळघरात जपून ठेवलेल्या, एकदाही न वापरलेल्या क्ष-किरण फिल्म काळवंडल्याचे आढळले, तेव्हा हा साधा बॉम्ब नव्हे, यात किरणोत्सर्ग आहे, हे त्यांच्या ध्यानी आले. पुढे १९५६ मध्ये बाधितांसाठी हिरोशिमात स्वतंत्र रुग्णालय उघडण्यात आले, त्याचे पहिले प्रमुख तेच होते.

टोकियो विद्यापीठाचे शल्यविशारद डॉ. मासाओ त्सुझुकी यांनी १९२०च्या दशकात सशांवर तीव्र क्ष-किरणांचा परिणाम अभ्यासला होता. त्या काळी अशा प्रयोगाचा माणसाशी काय संबंध, असे कोणालाही वाटले असते. परंतु सप्टेंबर १९४५ मध्ये जपानच्या राष्ट्रीय संशोधन मंडळाने बॉम्बहानीच्या चौकशीसाठी समिती नेमली, तेव्हा वैद्यकीय विभागाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. क्योतो विद्यापीठाचे प्राध्यापक शुनइची माशिमो यांचे पथकही हिरोशिमानजीकच्या ओनो येथील लष्करी रुग्णालयात दाखल झाले. रुग्णसेवा व अभ्यास दोन्ही चालू असताना १७ सप्टेंबर १९४५ च्या रात्री चक्रीवादळाने दरड कोसळली आणि रुग्णांसमवेत त्या पथकातील ११ जण दगावले. प्रा. माशिमोही त्यांत होते. तज्ज्ञ व रुग्ण एकाच छताखाली राहिले आणि एकाच संकटात गेले, हे आम्हांस विसरता येत नाही.

यानंतर अमेरिकन लष्करी डॉक्टर आले आणि जपानी डॉक्टरांसह संयुक्त आयोग स्थापन झाला. माहिती प्रचंड गोळा झाली. परंतु शवविच्छेदनाचे नमुने व नोंदी अमेरिकेत नेण्यात आल्या आणि त्या जपानला परत मिळण्यास १९७३ साल उजाडले. त्याच काळात व्यापलेल्या जपानमध्ये प्रकाशनांवर सेन्सॉरशिप होती. स्वतःच्या शहरातील आजाराविषयी मोकळेपणाने लिहिणे स्थानिक डॉक्टरांनाही दुरापास्त झाले होते.

नेमणूक एकाची, शरीर दुसऱ्याचे

२६ नोव्हेंबर १९४६ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी बाधितांचा दीर्घकालीन अभ्यास करण्यास तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीला मान्यता दिली. यातून 'अणुबॉम्ब हानी आयोग' उभा राहिला. मार्च १९४७ मध्ये हिरोशिमाच्या रेडक्रॉस रुग्णालयाच्या इमारतीत त्याचे काम सुरू झाले; १९४८ मध्ये नागासाकीतही सुरू झाले व जपानची राष्ट्रीय आरोग्य संस्था त्यात सहभागी झाली.

निवडलेली माणसे गुणवान होती, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. उदाहरणार्थ, डॉ. जेम्स नील हे वैद्यकाचे पदवीधर तर होतेच, शिवाय आनुवंशशास्त्राचेही पारंगत होते. बाधित मातापित्यांच्या अपत्यांत व्यंगे वाढतात काय, हा त्यांचा प्रश्न होता. युद्धोत्तर जपानमध्ये पाचवा महिना लागलेल्या गर्भवतींना जादा शिधा मिळत असे. या शिध्याच्या नोंदणीलाच त्यांनी अभ्यासाची नोंदणी जोडली आणि गावोगावच्या सुईणींचे साहाय्य घेतले. १९४८ ते १९५४ या काळात सुमारे ७७ हजार नवजात बालकांची नोंद झाली. आनुवंशिक दोषांत लक्षणीय वाढ आढळली नाही. तज्ज्ञाची खरी परीक्षा प्रयोगशाळेइतकीच अशा व्यवहारज्ञानातही होते, हे येथे दिसते.

तरीही लोकांचा विश्वास बसला नाही. आयोगाला पैसा मिळत होता तो अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाकडून, आणि अण्वस्त्रांची निर्मितीही त्याच संस्थेकडे होती. निवड करणारे सारे अमेरिकन होते. सर्वांत मोठा सल हा की, आयोग तपासणी करी, पण उपचार करीत नसे. त्यामागे स्थानिक डॉक्टरांच्या व्यवसायात हस्तक्षेप नको, परदेशी डॉक्टरांना परवाना नाही, अशी कारणे दिली गेली. कारणे काहीही असोत, रक्त देऊन रिकाम्या हाताने घरी परतणाऱ्या माणसाला आपण रुग्ण नसून प्रयोगाचे प्राणी आहोत असे वाटले, तर त्याला दोष कसा द्यावा? २०१७ मध्ये उत्तराधिकारी संस्थेच्या अध्यक्षांनी या जुन्या धोरणाविषयी बाधितांपुढे खेद व्यक्त केला. एका धोरणाची सल सत्तर वर्षे टिकते, हे प्रत्येक रुग्णालयाने मनावर कोरून ठेवण्यासारखे आहे.

आधी कोणाला दिसले?

किरणोत्सर्गाचा पहिला ठळक उशिरा परिणाम म्हणजे रक्ताचा कर्करोग. हिरोशिमाच्या रेडक्रॉस रुग्णालयातील तरुण डॉक्टर ताकुसो यामावाकी यांना १९४०च्या दशकाच्या अखेरीस जाणवले की, असे रुग्ण नेहमीपेक्षा अधिक येत आहेत. त्यांनी घरोघरची माहिती जमवली. १९५२ मध्ये अमेरिकन डॉक्टरांसमवेत त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि वाढ जगन्मान्य झाली.

असेच पुन्हा घडले. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिल येथील अणुभट्टीचा स्फोट झाला. सोव्हिएत सरकारच्या विनंतीवरून १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय चेर्नोबिल प्रकल्प हाती घेण्यात आला. सुमारे २५ देशांचे दोनशे तज्ज्ञ त्यात होते आणि सल्लागार समितीचे अध्यक्ष हिरोशिमाच्या संस्थेचे प्रमुख डॉ. इत्सुझो शिगेमात्सु होते. मे १९९१ मध्ये अहवाल आला. तपासलेल्या लोकांत थेट किरणोत्सर्गाशी जोडता येईल असा आजार आढळला नाही. भविष्यात थायरॉईडचा कर्करोग वाढू शकेल, एवढा इशारा होता. परंतु ज्या लाखो कामगारांनी सफाईचे काम केले ते व स्थलांतरित झालेले लोक या प्रकल्पाच्या कक्षेत नव्हतेच.

त्या वेळी बेलारूसची राजधानी मिन्स्क येथील डॉक्टरांपुढे मात्र थायरॉईडच्या कर्करोगाची मुले येत होती. १९८६ ते १९८९ या काळात वर्षाला सरासरी चार मुले येत. १९९१ मध्ये ती संख्या ५५ झाली. सप्टेंबर १९९२ मध्ये काझाकोव, देमिदचिक व आस्ताखोवा यांनी हे 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. अनेकांनी शंका घेतली : इतक्या लवकर वाढ कशी? जास्त तपासण्या केल्या म्हणून तर जास्त रुग्ण सापडले नाहीत? ही शंका गैर नव्हती. तिचे निरसन केले ते युरोपातील स्वतंत्र तज्ज्ञांनी. त्यांनी मिन्स्कला जाऊन मुले पाहिली, काचपट्ट्या स्वतः तपासल्या आणि निदान खरे असल्याचे त्याच अंकात लिहिले. अपघातानंतर किरणोत्सर्गी आयोडीन दुधावाटे मुलांच्या गळ्यातील ग्रंथीत साठले होते, हे आज सर्वमान्य आहे.

या दोन्ही प्रसंगांत आम्हांस एकच क्रम दिसतो. पहिली खूण स्थानिक डॉक्टरला दिसते, कारण रुग्ण त्याच्या दारी येतो. त्या खुणेला प्रमाणपत्र मात्र बाहेरचा, हितसंबंध नसलेला तज्ज्ञ देतो. यांतला एक वगळला तर आजार दिसत नाही, दुसरा वगळला तर तो कोणी मानत नाही.

विश्वास पुन्हा कसा उभारला गेला

१९५५ मध्ये हिरोशिमाचा अभ्यास डळमळीत झाला होता. अकादमीने पाहणीसाठी तिघांना धाडले : साथरोगशास्त्राचे डॉ. थॉमस फ्रान्सिस, ज्यांनी पोलिओ लशीच्या प्रचंड चाचणीचे मूल्यमापन केले होते, आणि त्यांच्यासमवेत फेलिक्स मूर व सेमूर जाब्लॉन हे दोन संख्याशास्त्रज्ञ. रक्तविकार वा शस्त्रक्रियेचा नामवंत त्यांत नव्हता, आणि तेच योग्य ठरले. अभ्यासात कमी होती ती हिशेबाच्या शिस्तीची. त्यांनी सांगितले की, एकदा ठरलेली माणसेच शेवटपर्यंत पाहावीत. जे तपासणीस येतात तेवढेच मोजू नयेत. १९५० च्या जनगणनेच्या आधारे सुमारे १,२०,००० लोकांची यादी निश्चित झाली. त्यांत बॉम्ब पडला तेव्हा शहरात नसलेलेही होते, म्हणजे तुलना करता येईल.

त्या शिस्तीचे फळ असे : १९५८ ते १९९८ या काळातील सुमारे १ लाख ५ हजार लोकांच्या नोंदींत १७,४४८ घन कर्करोग आढळले आणि त्यांपैकी सुमारे ८५० किरणोत्सर्गामुळे असल्याचा अंदाज काढता आला. ज्यांना हा आकडा मोठा वाटतो त्यांना आणि ज्यांना तो लहान वाटतो त्यांनाही तो तपासून पाहता येतो, हीच त्याची किंमत आहे. आज जगभरातील क्ष-किरण व किरणोपचार विभागांतील सुरक्षिततेच्या मर्यादा बऱ्याच अंशी याच नोंदींवर आधारलेल्या आहेत. आमच्या विभागातील कर्मचारी छातीवर जी मात्रामापक पट्टी लावतात, तिच्यामागेही तेच बाधित लोक उभे आहेत.

१ एप्रिल १९७५ रोजी जुना आयोग विसर्जित होऊन 'किरणोत्सर्ग परिणाम संशोधन प्रतिष्ठान' स्थापन झाले. कारभार जपान व अमेरिका या दोघांचा आणि खर्चाची जबाबदारीही दोघांची. एकाच बाजूने नेमलेले तज्ज्ञ कितीही थोर असले तरी अपुरे पडतात, ही कबुलीच या रचनेत होती.

आपल्या देशाचा वाटा

या कामात भारत प्रेक्षक नव्हता. संयुक्त राष्ट्रांनी १९५५ मध्ये अणुकिरणांच्या परिणामांविषयी वैज्ञानिक समिती नेमली. तिच्या आरंभीच्या १५ सदस्य देशांत भारत होता. अण्वस्त्रे असलेले व नसलेले देश एकाच मेजाभोवती बसावेत, ही तिची योजना. तेथे भारताचे प्रतिनिधित्व केले ते मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे प्रमुख राहिलेले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषवणाऱ्या या गोमंतकीय मराठी डॉक्टरांची कीर्ती कर्करोग व कुष्ठरोगाच्या अभ्यासासाठी होती. पेशींत काय बदलले हे ओळखणारी दृष्टी येथे कामी येणार होती.

केरळातील करुनागपल्लीच्या किनाऱ्यावरील वाळूत थोरियमयुक्त मोनाझाइट असल्याने तेथे नैसर्गिक किरणोत्सर्ग अधिक आहे. तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक कर्करोग केंद्राने तेथील घराघरांत मोजमाप केले आणि सुमारे ७० हजार प्रौढांचा पाठपुरावा केला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार कर्करोगात वाढ आढळली नाही. ज्या केंद्रात तेथील रुग्ण उपचार घेतात, त्याच केंद्राने कर्करोग नोंदणी चालवली, हे येथे विशेष नमूद करतो.

आमच्यापुढील निर्णय

आम्ही वाणिज्य शाखेचे. वैद्यकातील बारकावे आमच्या अधिकाराबाहेरचे आहेत. परंतु जो रोख रक्कम सांभाळतो त्याने स्वतःचा हिशेब स्वतःच तपासू नये, एवढे आम्हांस निश्चित कळते. म्हणून रोखपालावर अविश्वास दाखवला असे कोणी म्हणत नाही. उलट, तपासणीनंतर त्याचीच पत वाढते. वैद्यकीय अभ्यासालाही हेच तत्त्व लागू आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नीतिविषयक समितीत ७ ते १५ सदस्य असावेत, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा आणि निदान निम्मे सदस्य संस्थेशी संबंध नसलेले असावेत. कायद्याचे जाणकार व सामान्य नागरिकही त्यात हवेत.

या सर्वांचा विचार करून विश्वस्त मंडळाच्या विचारार्थ आम्ही पुढील सूचना सादर केल्या आहेत :

१. अभ्यासगटात आपल्या विभागातील किरणोपचारतज्ज्ञ असावेत, कारण पहिली खूण त्यांनाच दिसेल. परंतु निदानाच्या काचपट्ट्या व अहवाल बाहेरच्या विकृतिशास्त्रज्ञाने, रुग्णाला किती मात्रा मिळाली हे न पाहता, पुन्हा तपासावेत.

२. वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ व संख्याशास्त्रज्ञ यांना पहिल्या दिवसापासून स्थान द्यावे. मात्रा नेमकी ठाऊक नसेल आणि तुलनेचा गट नसेल, तर पुढील वीस वर्षांची मेहनत वाया जाईल.

३. परिचारिका व समाजसेविका यांना गटाचे पूर्ण सदस्य मानावे. पत्ता बदललेला रुग्ण शोधून काढण्याचे काम त्याच करतात.

४. प्रत्येक तज्ज्ञाने यंत्रपुरवठादार वा औषध कंपनीशी असलेला आर्थिक संबंध लेखी जाहीर करावा. यंत्रपुरवठादाराच्या देणगीतून या अभ्यासाचा खर्च करू नये.

५. उपचार पूर्ण केलेल्या रुग्णांपैकी किंवा त्यांच्या कुटुंबीयांपैकी निदान एकास समितीवर मतासह जागा द्यावी.

६. तपासणीत आजार आढळला तर उपचार याच रुग्णालयात सुरू व्हावेत. पात्र रुग्णांचा खर्च निर्धन रुग्ण निधीतून व्हावा आणि इतरांसाठी स्वतंत्र देणगी-खाते उघडावे. उपचाराची सोय होत नाही तोवर अभ्यास सुरू करू नये.

सहाव्या सूचनेमुळे खर्च वाढेल, हे आम्ही लपवत नाही. केवळ नोंदी ठेवणे स्वस्त आहे. आढळलेल्या आजाराची जबाबदारी घेणे महाग आहे. तोच पैसा आज खाटा वाढवण्यास वापरावा, असे काही विश्वस्तांचे मत आहे व त्याचाही आम्ही आदर करतो. आमची विनंती एवढीच की, पैसा अपुरा असल्यास अभ्यास पुढे ढकलावा, परंतु सहावी सूचना गाळून तो सुरू करू नये. हिरोशिमात जे घडले ते विद्वत्तेच्या अभावी नव्हे. तपासणारा आणि बरे करणारा वेगळे झाले म्हणून घडले.

हिरोशिमातील १९५६ चे रुग्णालय उभारताना जपानमधील नववर्षाच्या शुभेच्छापत्रांच्या विक्रीतून जमलेला निधी कामी आला. देशभरातील सामान्य माणसांनी घेतलेल्या एकेका पत्रावरील थोडी रक्कम त्यात होती. आमच्या दानपेटीतील लहान देणगीकडेही आम्ही त्याच दृष्टीने पाहतो.

विश्वस्त मंडळ आगामी वार्षिक सर्वसाधारण सभेत या सूचनांवर निर्णय घेणार आहे. सभेपूर्वी देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक यांनी आपले मत लेखी स्वरूपात प्रशासन कार्यालयात द्यावे, ही नम्र विनंती. प्रत्येक पत्र सभेपुढे ठेवले जाईल. 

— प्रशासन विभाग